मेंदूविज्ञानातील संशोधकाचे शोधनिबंध आणि सायटेशन : अनुदान ठरवताना आकडे कसे वाचावेत?

जमाखर्च

नमस्कार. मी एका बँकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालो असून विलेपार्ल्यातील एका छोट्या कौटुंबिक न्यासाचा विश्वस्त आहे. न्यासाच्या संस्थापिकेची अखेरची वर्षे पार्किन्सन्सच्या आजारात गेली. त्यामुळे मेंदू आणि मज्जासंस्था या विषयांवर मुंबई परिसरात काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाला दोन वर्षांसाठी मदत द्यावी, अशी त्यांच्या मुलांची इच्छा आहे. रक्कम फार मोठी नाही. एक प्रकल्प साहाय्यक नेमता येईल आणि रसायनांचा थोडाफार खर्च भागेल, इतकीच.

अखेरच्या फेरीत दोन अर्ज उरले आहेत. नावे आणि संस्था येथे देणे योग्य नव्हे, म्हणून त्यांना अ आणि ब म्हणतो. अ यांनी अर्जात 64 शोधनिबंध, 3,900 सायटेशन (म्हणजे इतर निबंधांत त्यांच्या निबंधांचे आलेले संदर्भ) आणि 27 एच-इंडेक्स असे लिहिले आहे. शिवाय ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत समावेश’ ही ओळ ठळक अक्षरांत आहे. ब यांचे 17 शोधनिबंध, 610 सायटेशन आणि एच-इंडेक्स 11. दोघांचेही वय चाळिशीच्या आसपास आहे आणि दोघांची पीएचडी साधारण एकाच सुमारास झालेली आहे. आमच्या पाच जणांच्या मंडळात चौघांचे म्हणणे असे, की यात विचार करण्यासारखे काही उरलेलेच नाही.

त्यांचे म्हणणे बरोबरही असेल. परंतु आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासल्यामुळे नुसती शेवटची बेरीज पाहून सही करायला माझे मन धजत नाही. ती बेरीज कोणकोणत्या नोंदींची आहे, हे आधी पाहावेसे वाटते. या क्षेत्रातील नोंदी कशा वाचतात, ते मात्र मला ठाऊक नाही. एच-इंडेक्स काढतात कसा, 27 म्हणजे 11 च्या अडीच पट चांगला असा त्याचा अर्थ घ्यायचा का, आणि ब यांचे सायटेशन मी गूगल स्कॉलरवर पाहिले तर ते अर्जातील आकड्याहून बरेच अधिक कसे दिसतात, याचा उलगडा कोणी केल्यास उपकार होतील. त्याचप्रमाणे या दोघांकडून आणखी कोणती माहिती मागवणे रास्त ठरेल, तेही सुचवावे.

चेतापेशी

जमाखर्च साहेब, प्रश्न वाचून बरे वाटले, कारण अनुदान देणाऱ्या मोठमोठ्या समित्यांतही बेरजेच्या आत डोकावणारे सदस्य मोजकेच असतात. मी मुंबईतील एका संशोधन संस्थेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी एच-इंडेक्सचे गणित सांगते. समजा, एखाद्याच्या सहा शोधनिबंधांना अनुक्रमे 120, 60, 9, 7, 5 आणि 4 सायटेशन मिळाले आहेत. उतरत्या क्रमाने मोजत गेल्यास पाचव्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत, चारच आहेत. म्हणून एच-इंडेक्स 5. पहिल्या निबंधाचे 120 सायटेशन उद्या 12,000 झाले, तरी हा आकडा पाचावरच राहील. होर्खे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही पद्धत सुचवली. एखाद्याच गाजलेल्या निबंधावर कोणी मोठे ठरू नये आणि नुसता ढीग रचूनही ठरू नये, असा तिचा हेतू होता. तिची गोम अशी, की हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने काम थांबवले तरी जुन्या निबंधांच्या जोरावर तो वाढत राहू शकतो.

अडीच पटीचा हिशेब करायचा झाल्यास हर्श यांच्या त्याच निबंधातील एक तुलना पाहावी. जीवशास्त्रांत सर्वांत मोठा एच-इंडेक्स त्यांना सॉलोमन स्नायडर या मेंदूवैज्ञानिकाचा आढळला, तो 191 होता. भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन यांचा 110. म्हणून स्नायडर हे विटन यांच्या पावणेदोन पट थोर, असे कोणीच म्हटले नाही. जीवशास्त्रात निबंध अधिक संख्येने निघतात आणि प्रत्येक निबंधाखालच्या संदर्भांची यादीही लांबलचक असते, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगलेले असतात. मेंदूविज्ञानाच्या पोटातही असेच आहे. एमआरआय वापरून माणसांच्या मेंदूची चित्रे घेणाऱ्यांचे क्षेत्र मोठे आहे. एकेका चेतापेशीत सूक्ष्म काचनळी टोचून विद्युत्प्रवाह मोजणाऱ्यांचे त्या मानाने लहान. सायटेशन देणारी माणसेच जिथे थोडी, तिथे ते येणार कुठून? तेव्हा अ आणि ब यांचे उपविषय एकच आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे.

त्यानंतर लेखकांचा क्रम पाहावा. आमच्याकडे हाताने काम केलेल्या माणसाचे नाव पहिले असते आणि ज्याची प्रयोगशाळा, ज्याने पैसा आणि कल्पना उभी केली, त्याचे शेवटचे. मधल्या नावांत काहींचा वाटा खरोखर मोठा असतो, तर काहींनी पेशी रंगवणारा एखादा अभिरंजक काचपट्टीवर घालून दिलेला असतो. स्नायडर यांचेच उदाहरण घ्या. 1973 मध्ये मेंदूतील ओपिएट रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी द्रव्ये जिथे जाऊन चिकटतात ती स्थाने, दाखवून देणारा निबंध ‘सायन्स’मध्ये आला, त्यावर पहिले नाव कँडेस पर्ट यांचे होते, त्या तेव्हा स्नायडर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. 1978 चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार स्नायडर यांना आणखी दोघांसमवेत मिळाला आणि पर्ट यांना वगळले गेले. त्यांनी त्याचा उघड निषेध केला आणि तो वाद बरीच वर्षे धुमसत राहिला. मौज अशी, की एच-इंडेक्सच्या हिशेबात त्या निबंधाचे श्रेय दोघांना अगदी सारखेच मिळते, आणि वीस लेखकांच्या निबंधातील अकराव्या माणसालाही तितकेच मिळते. म्हणून अ यांच्या 64 पैकी किती निबंधांवर त्यांचे नाव पहिले किंवा शेवटचे आहे, ते मोजायला सांगा. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या एखाद्या मोठ्या अभ्यासात शंभर नावांमध्ये आपले नाव असले, तरी हजार सायटेशन आपल्या खात्यावर जमा होतात. त्यात गैर काही नाही, पण ती संशोधकाची स्वतःची कमाई नव्हे.

संख्या कमी का असते, याबद्दलही थोडे सांगते. बालपणीच्या ताणाचा प्रौढ मेंदूवर होणारा परिणाम पाहायचा असेल, तर पिल्ले जन्मल्यावर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास त्यांना आईपासून वेगळे ठेवतात. त्या काळात रविवार नसतो, गणपती नसतात, मुसळधार पावसात लोकल बंद पडली तरी कोणीतरी प्राणिगृहात पोहोचावेच लागते. मग ती पिल्ले मोठी होईपर्यंत दोन-तीन महिने थांबायचे, वर्तनाच्या चाचण्या घ्यायच्या, मेंदूचे पातळ काप काढून पेशी मोजायच्या. आणि नर-मादी, ताण असलेले-नसलेले असे गट पाडल्यावर संख्या अपुरी वाटली, तर पुन्हा नव्या पिल्लांपासून सुरुवात. ही संख्या अपुरी असणे हे आमच्या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. 2013 मध्ये ‘नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स’मधील एका विश्लेषणाने मेंदूविज्ञानातील अभ्यासांची सांख्यिकीय शक्ती मध्यकाने वीस टक्क्यांच्या आसपासच असल्याचे दाखवले, म्हणजे खरोखर असलेला परिणाम पाचपैकी चार वेळा हातातून निसटण्याची शक्यता. ज्याने पुरेसे प्राणी घेऊन सावकाश काम केले त्याचे निबंध कमी भरतात, आणि ज्याने सहा-सहा उंदरांवर भराभर निबंध काढले त्याचे अधिक. आकडा या दोघांत भेद करत नाही.

आणखी दोन गोष्टी. रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, मूळ प्रयोगांपेक्षा अधिक उद्धृत होतात. ते वेगळे काढावेत. पद्धती सांगणाऱ्या निबंधांचे तर विचारूच नका. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या रीतीवरचा आहे. लाउरी आणि सहकाऱ्यांचा हा 1951 चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. मेंदूविज्ञानात माणूस डावखुरा की उजवा हे ठरवणारी ओल्डफील्ड यांची 1971 ची प्रश्नावली अशीच हजारो निबंधांच्या तळाशी सापडते. या कामांना मी कमी लेखत नाही, कारण लोकांच्या हाती रोज लागणारे साधन तयार करणे हीसुद्धा मोठीच सेवा आहे. फक्त त्या सायटेशनचा अर्थ ‘मोठा शोध’ असा घेऊ नये. जर्नलच्या नावाने आणि इम्पॅक्ट फॅक्टरने (त्या जर्नलमधील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्या आकड्याने) तर मुळीच दिपून जाऊ नका. त्याच 1971 साली जॉन ओकीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांनी उंदीर एका ठराविक जागी आला की हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील ठराविक पेशी सक्रिय होतात, हे ‘ब्रेन रिसर्च’मध्ये जेमतेम पाच पानांत लिहिले. ओकीफ यांना त्यासाठी नोबेल मिळाले ते 2014 मध्ये.

पुस्तकवाली

ग्रंथपाल म्हणून मला रोज हेच निस्तरावे लागते, त्यामुळे आकड्यांतील फरकाबद्दल मी लिहिते.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन मोजणारे तीन वेगवेगळे हिशेब आहेत आणि ते जुळत नाहीत. वेब ऑफ सायन्सचे मूळ युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये काढलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. तेथे निवडक जर्नलच घेतली जातात. स्कोपस 2004 पासूनचे, त्याची व्याप्ती अधिक आहे. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील सारांश, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले केलेले निबंध), पुस्तके असे सगळेच ओढून घेते आणि तेथे राखणदार कोणी नाही. 2024 मध्ये दोन संशोधकांनी निरर्थक मजकुराचे बनावट निबंध एका संकेतस्थळावर चढवून लॅरी नावाच्या मांजराचा एच-इंडेक्स 11 पर्यंत नेऊन दाखवला होता. ब यांच्याइतकाच, हा योगायोग! तेव्हा दोघांचेही आकडे एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी घ्यावेत. एकाचे स्कोपसचे आणि दुसऱ्याचे स्कॉलरचे अशी तुलना करू नये.

आता माझी एक शंका आहे. ब या बाई असतील, आणि लग्नानंतर त्यांनी आडनाव बदलले असेल, तर स्कोपसवर त्यांची दोन खाती तयार झाली असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे नावांचा घोळ फार. कोणी वडिलांचे नाव मधे लावतो, कोणी नुसती आद्याक्षरे देतो, सावंत, वैद्य, देव ही आडनावे इंग्रजीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात, आणि एस. पाटील म्हणून शोधले तर शेकडो पाटील एकाच ढिगात येऊन बसतात, त्यात कोल्हापूरचे ऊसतज्ज्ञही असतात. या घोळावर उपाय म्हणून 2012 मध्ये ऑर्किड, हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सुरू झाला. दोघांकडून तो मागवा आणि त्याखालील यादी अर्जाशी ताडून पाहा. हे काम लेखापरीक्षकाला शिकवायला नको.

‘अव्वल दोन टक्के’ या यादीबद्दल एक खुलासा करते, कारण दरवर्षी वर्तमानपत्रांत ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बहुमान’ अशा मथळ्याने तिच्या बातम्या येतात. तो बहुमान नाही. स्टॅनफर्डमधील प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या विदेवरून ती यादी तयार करतात. तिच्यात संपूर्ण कारकिर्दीची एक आणि केवळ एका वर्षाच्या सायटेशनची दुसरी, असे दोन तक्ते असतात. बातम्यांतील बरीच नावे दुसऱ्या तक्त्यातील असतात. अ यांचे नाव कोणत्या तक्त्यात आहे, ते विचारावे. एक मात्र मान्य केले पाहिजे, की त्या यादीचा गुणांक नुसत्या बेरजेहून बराच शहाणा आहे: स्वतःच्याच निबंधांना दिलेले सायटेशन वगळून काय उरते ते त्यात दिसते आणि एकट्याने लिहिलेल्या, पहिल्या किंवा शेवटच्या नावाच्या निबंधांना त्यात वेगळे स्थान आहे. त्यामुळे ती ओळ अगदीच पोकळ समजू नका.

विषयानुसार तुलना हवी असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आयसाइट हे संकेतस्थळ फुकट आहे. त्यात प्रत्येक निबंधाची त्याच विषयातील, त्याच काळातील निबंधांशी तुलना करून एक गुणोत्तर दिले जाते. 1 म्हणजे त्या संस्थेच्या अनुदानातून निघालेल्या मधल्या निबंधाइतका. ब यांच्या 17 निबंधांचे गुणोत्तर पाहायला अर्धा तासही लागणार नाही.

आडमुठा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण ते वाचून ‘आकडे म्हणजे माया’ असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून विरोधी बाजू मांडतो. मी विद्यापीठाच्या निवड समित्यांवर बसलेलो आहे. आकडे बाजूला ठेवले की त्यांची जागा गुणवत्ता घेत नाही, वशिला घेतो. ‘मुलगा होतकरू आहे’, ‘अमुक सरांचा विद्यार्थी आहे’, ‘याच्या कामाची खोली आकड्यांत मावत नाही’ ही वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत आणि ती ज्यांच्यासाठी उच्चारली जात ते उमेदवार बहुधा कोणाच्या तरी नात्यातले निघत. एच-इंडेक्स आंधळा आहे हे खरे, पण आंधळ्याला जातही दिसत नाही आणि आडनावही दिसत नाही.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांतील तक्ताच पाहा. त्यावर टीका करणे सोपे आहे आणि मीही ती केली आहे. परंतु दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा जबाबदार लेखकाला 70 टक्के आणि इतरांना प्रत्येकी 30 टक्के गुण, ही तरतूद त्यात आहेच. म्हणजे चेतापेशी ताई जे सांगत आहेत, ते ढोबळपणे का होईना, नियमांत बसवता येते. तुमच्या न्यासानेही निकष आधी लिहून काढावेत आणि मगच अर्ज उघडावेत, असे मी म्हटले असते. अर्ज आधीच उघडले गेले आहेत, तेव्हा आता निदान दोघांना एकच निकष लागेल, एवढे पाहा. ब यांच्या बाजूने सहानुभूतीची लाट येऊ लागली आहे, असे मला या चर्चेतच दिसते. कमी निबंध म्हणजे आपोआप सखोल काम, असेही नसते. कमी निबंध म्हणजे कधीकधी नुसतेच कमी काम.

वॉर्ड नंबर सात

मी परळ भागातील एका रुग्णालयात मज्जाविकार विभागात काम करतो. आडमुठा यांचे शेवटचे वाक्य मला पटते. तरीही सायटेशन येण्याला लागणारा काळ हा मुद्दा राहून गेला आहे.

आपल्या मुंबईतलेच उदाहरण देतो. डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या जर्नलमध्ये नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आजार होता: चालताना तोल जाई, बोलणे अडखळे, आणि त्यासोबत डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होई. निरोगी माणसाला एका टोकाच्या वस्तूवरून दुसऱ्या टोकाच्या वस्तूकडे पाहायला सांगितले, तर त्याची नजर क्षणात उडी मारते. या रुग्णांची नजर सावकाश सरकत जाते, आणि तोवर रुग्णाने मानच वळवलेली असते. ही खूण त्यांनी रुग्णशय्येपाशी बसून टिपली. हा प्रकार आज एससीए-2 या नावाने ओळखला जातो आणि त्याचा जनुक सापडला 1996 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्यानंतर जनुकीय निदानावर लिहिणाऱ्यांना त्या जुन्या निबंधाकडे यावेच लागले. इम्पॅक्ट फॅक्टर मागील दोन वर्षांच्या निबंधांचेच सायटेशन मोजतो. अशा कामाला त्या मापात जागाच नाही. साधारण त्याच सुमारास मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली होती आणि तिच्यानंतर काही रुग्णांच्या पायांतील शक्ती गेल्याचे वाडिया आणि सहकाऱ्यांनी नोंदवले होते. हा प्रश्न येथे उद्भवला, म्हणून येथेच पाहिला गेला.

दुसरा मुद्दा, सायटेशन मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले? एखादा निबंध उघडा आणि प्रस्तावनेतील पहिले वाक्य पाहा. ‘पार्किन्सन्समध्ये दाहाची भूमिका असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे’ असे वाक्य असते आणि पुढे कंसात चार ते पंधरा असे क्रमांक असतात. त्या बारा निबंधांपैकी किती लेखकाने वाचले असतील, हे तुम्हीच ठरवा. तोच निबंध पद्धतीच्या विभागात ‘आम्ही अमुक यांच्या रीतीने पेशी वाढवल्या’ म्हणून आला, किंवा चर्चेच्या विभागात ‘आमचे निष्कर्ष अमुक यांच्या निष्कर्षांच्या विरुद्ध जातात’ म्हणून आला, तर त्या सायटेशनचे वजन वेगळे. मोजदादीत मात्र तिन्हींची किंमत एकेकच. विरोधासाठी दिलेला संदर्भही मोजला जातो. 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला, अल्झायमर्समध्ये स्मृतिभ्रंशाला एक विशिष्ट अमायलॉइड प्रथिन जबाबदार असल्याचे सांगणारा निबंध सुमारे अडीच हजार वेळा उद्धृत झाला होता, त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचे उघडकीस आले आणि 2024 मध्ये तो मागे घेण्यात आला. मागे घेतलेल्या निबंधाचे आधीचे सायटेशन कोणी वजा करत नाही.

माझी सूचना साधी आहे. दोघांच्याही सर्वाधिक उद्धृत झालेल्या तीन निबंधांना ज्यांनी उद्धृत केले, त्यांतील पंधरा-वीस निबंध उघडावेत आणि कोणत्या विभागात, कशासाठी उद्धृत केले आहे, ते पाहावे. इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणालाही हे जमते. त्यासाठी मेंदूविज्ञान यावे लागत नाही.

जमाखर्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्यापैकी बरेच करून पाहिले, ते कळवतो.

पुस्तकवाली ताईंची शंका खरी ठरली. ब यांची स्कोपसवर दोन खाती आहेत. माहेरच्या नावाचे सहा निबंध अर्जात आलेच नव्हते, आणि विचारले असता ‘ते खाते जोडायचे राहूनच गेले’ असे त्यांनी कळवले. दोन्ही खाती एकत्र केल्यावर निबंध 23 आणि एच-इंडेक्स 14 होतो. आयसाइटवर त्यांचे बहुतेक निबंध 1 च्या आसपास असून दोन निबंध 3 च्या वर आहेत, आणि त्या दोन्हींवर त्यांचे नाव पहिले आहे.

अ यांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज पुरता उलटला. त्यांच्या 64 पैकी पहिल्या किंवा शेवटच्या नावाचे निबंध 15 आहेत आणि एकूण सायटेशनचा निम्म्याहून मोठा भाग दोन बहुदेशीय अभ्यासांतून आलेला आहे, तेव्हा बेरीज फुगलेली आहे असे मी जवळजवळ ठरवलेच होते. परंतु उरलेल्यांत एमआरआय चित्रांतील दोष दुरुस्त करणाऱ्या एका मोफत आज्ञावलीवरचा निबंध आहे, तो त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्याला उद्धृत करणारे मी उघडलेले जवळजवळ सगळे निबंध तो पद्धतीच्या विभागात उद्धृत करतात; म्हणजे लोक ती आज्ञावली खरोखरच वापरत आहेत. त्यात ब्राझीलमधील एक गट आहे आणि केरळमधील एक रुग्णालयही आहे. दोन टक्क्यांच्या यादीतील त्यांचे नाव एका वर्षाच्या तक्त्यात आहे, ते त्यांनी विचारताच सरळ सांगितले.

मंडळापुढे मी हे सगळे एका पानावर मांडले. ‘अ यांना द्या’ म्हणणाऱ्या चौघांपैकी दोघे आता ‘थांबा, पाहू’ म्हणत आहेत, ही माझ्या दृष्टीने प्रगती आहे. आडमुठा साहेबांच्या सल्ल्यानुसार दोघांनाही एकच पत्र धाडले आहे: स्वतःच्या मते सर्वांत महत्त्वाचे पाच निबंध निवडावेत, प्रत्येकात स्वतःचे काम नेमके कोणते ते चार ओळींत लिहावे, आणि आमच्या पैशांतून दोन वर्षांत कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधणार ते मराठीत किंवा इंग्रजीत एका पानात सांगावे. आता एकच अडचण आहे. ही पाने तपासायला बाहेरचा जाणकार हवा, आणि मुंबईत या विषयात काम करणारे सगळेच एकमेकांना ओळखतात असे दिसते. कोणाला विचारावे?

चेतापेशी

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कुलाबा, परळ आणि पवई मिळून आमचे जग एका सभागृहात मावेल इतकेच आहे. म्हणून मुंबईबाहेरचे दोघे निवडावेत, त्यांतील एक चित्रणाच्या क्षेत्रातला आणि एक पेशींवर काम करणारा असावा. गेल्या पाच वर्षांत त्यांनी अ किंवा ब यांच्याबरोबर एकही निबंध लिहिलेला नसावा. हे ऑर्किडच्या यादीवरून दहा मिनिटांत तपासता येते. त्यांना एच-इंडेक्स कळवूच नका, फक्त ती पाच निबंधांची यादी आणि पुढच्या कामाचे पान द्या. मानधन देण्याची पद्धत आमच्याकडे सहसा नाही, पण न्यासाला शक्य असल्यास थोडे द्यावे, उत्तरे वेळेवर येतात.

अ यांना एक प्रश्न जरूर विचारावा. ती आज्ञावली सध्या सांभाळतो कोण? अशी साधने, ती लिहिणारा विद्यार्थी परदेशी गेला की, दोन वर्षांत बंद पडतात. तुमच्या पैशांतून ती चालू ठेवण्यासाठी माणूस नेमला जाणार असेल, तर त्या मदतीचे मोल कोणत्याही नव्या निबंधाहून कमी नाही.

आडमुठा

आणि ब यांना हे विचारा, की 3 च्या वर गुणोत्तर असलेले ते दोन निबंध कोणत्या सालचे आहेत. दोन्ही पीएचडीच्या काळातले असतील, तर त्यांतील कल्पना गाईडची असू शकते. स्वतःची प्रयोगशाळा उभारल्यानंतरचा एक जरी असेल, तर माझे मत त्यांच्याकडे झुकेल.

पुस्तकवाली

जमाखर्च काका, एक राहिले. दोघांच्या पाचही निबंधांची शीर्षके रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या, विदासंचात घालून पाहा. 2023 पासून तो क्रॉसरेफ या निबंधांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुला आहे. निबंधांवर दुरुस्तीची सूचना असल्यास घाबरू नका, ती वाचा. स्वतःहून चूक दुरुस्त केलेली असेल तर ते चांगलेच लक्षण आहे. ब यांना त्यांची दोन खाती जोडण्यासाठी स्कोपसचा अर्ज भरायला मदत लागली तर मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा, त्याला फार वेळ लागत नाही.